शाळा, घर, सरकार आणि चौथा माणूस



२०२५ च्या एप्रिल महिन्यातली गोष्ट आहे. रविवारी सकाळी आमच्या भिंगारच्या विहारात वंदना आटोपली की मी दोन तास एका कोपऱ्यात टेबल मांडून बसतो. पेशाने मी कारकून. अर्ज, दाखले, नकला, पोचपावत्या यांतच माझा जन्म चालला आहे, तेव्हा तेवढ्याच कामाचा समाजाला उपयोग व्हावा म्हणून हा उद्योग. त्या दिवशी एक ताई आपल्या मुलीला घेऊन आल्या. त्या कॅम्पातल्या बंगल्यांवर धुणीभांडी करतात, मालक शेअर रिक्षा चालवतात. मुलीच्या हातात आठवीचे प्रगतिपत्रक होते आणि ताईंच्या हातात शाळेची चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिले होते की, नववीपासून पूर्ण फी भरावी लागेल. वर्षाची फी ३४ हजार.

ताई म्हणाल्या, "दादा, पोरगी हुशार हाये असं सगळेच म्हणत्यात. पन तिचा बाप म्हनतो, आठवी झाली, बास झालं. आता तुमीच सांगा, काय करू?"

मुलगी खाली मान घालून उभी होती. तिला विचारले, "तुला काय वाटते?" तर म्हणाली, "मला शिकायचंय, पण पप्पांकडे पैसे नाहीत."

सारी हकीकत ऐकून घेतली. २०१७ साली शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांच्या लॉटरीत हिचा नंबर लागला होता. जातीचा दाखला काढलेला नव्हता, म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यावर इंग्रजी माध्यमाच्या एका खाजगी शाळेत प्रवेश मिळाला. घरात पेढे वाटले गेले. परंतु हा कायदा आठवीपर्यंतच मोफत शिक्षणाची हमी देतो, हे त्या दिवशी घरात कोणी सांगितले नव्हते आणि आठ वर्षांत कोणी विचारलेही नव्हते.

वडिलांना भेटलो तर ते शाळेवर चिडलेले. शाळेत गेलो तर तेथील बाई म्हणाल्या, "पालक कधी सभेला येत नाहीत, घरी अभ्यास घेत नाहीत." संस्थेचे म्हणणे असे की, सरकारकडून मुलांच्या फीची प्रतिपूर्ती वेळेवर होत नाही, आम्ही तरी किती सोसायचे? असे तिघेही एकमेकांकडे बोट दाखवत होते आणि मध्ये ती चौदा वर्षांची मुलगी उभी होती.

मूल शिकते ते कोणामुळे, आणि मागे पडते ते कोणामुळे? आजच्या लेखात याचाच विचार करू.

प्रथम शाळेचे पाहू.

आपल्या नगरला शाळांचा इतिहास मोठा आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फॅरार १८३९ साली नगरला आल्या आणि १८६२ साली येथेच वारल्या. त्यांनी येथे मुलींच्या शाळा चालवल्या. नगरला असलेले मित्र सदाशिव गोवंडे यांच्याबरोबर जोतीराव फुले त्या शाळा पाहण्यास आले होते. मुली शिकत आहेत हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे नगरच्या याच फॅरारबाईंकडे घेतले, असे चरित्रकार सांगतात. १८४२ साली नगरला सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' पत्रात १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध छापून आला. तो लिहिणारी मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातील कोवळ्या वयाची मुलगी होती. जिच्या समाजाला अक्षराची बंदी होती तिने काही वर्षांच्या शाळेत एवढे लिहावे, ही चांगल्या शाळेची ताकद.

शाळेने फरक पडतो हे अलीकडे मोजूनही पाहिले गेले आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात एक प्रयोग झाला. काही मुलांना १३ ते १७ मुलांच्या वर्गात ठेवले आणि काहींना २२ ते २५ मुलांच्या वर्गात. लहान वर्गातील मुले वाचनात व गणितात पुढे गेली, आणि गरीब व काळ्या मुलांना त्याचा फायदा अधिक झाला. घरी शिकवणारे कोणी नाही, त्या मुलाला बाईंचे लक्ष मिळणे किती मोलाचे, हे यावरून कळते. आपल्या शिक्षण हक्क कायद्यातही पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा असे लिहिलेले आहे.

परंतु वर्गात बसणे आणि शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रथम संस्थेच्या 'असर' या पाहणीत २०२४ साली असे दिसून आले की, देशाच्या ग्रामीण भागात पाचवीच्या निम्म्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उताराही नीट वाचता येत नाही. हजेरीपटावर नाव आहे, गणवेश आहे, खिचडी आहे. वाचन मात्र नाही. अशा मुलाला पाचवीतून सहावीत ढकलले काय किंवा नापास केले काय, त्याला वाचायला कोणी शिकवलेच नाही हे खरे दुखणे तसेच राहते.

आता घराचे पाहू.

१९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाने सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी करून सरकारला अहवाल दिला. शाळेची इमारत आणि तिच्यावरचा खर्च यांपेक्षा मुलाच्या घरची परिस्थिती आणि त्याच्या सोबतची मुले यांचा परिणाम त्याच्या अभ्यासावर अधिक होतो, असे त्यात निघाले. या अहवालाचा अर्थ काहींनी असा लावला की, गरिबाच्या मुलाचे काही होणे नाही. असे म्हणणाऱ्यांना सुभेदार रामजी सकपाळ माहीत नव्हते.

रामजीबाबा लष्करातल्या शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत संसार. त्याच खोलीत चूल, तेथेच झोपणे आणि तेथेच भीमरावांचा अभ्यास. रात्री मुलाला लवकर झोपवायचे, आपण जागे राहायचे आणि पहाटे दोन वाजता त्याला अभ्यासाला उठवायचे, हा त्यांचा नेम होता. पुस्तकांसाठी पैसे नसले तर लग्न झालेल्या लेकींकडे जाऊन त्यांचे दागिने मागून आणायचे आणि गहाण ठेवायचे. घराने शिक्षणाला काय द्यायचे असते, तर हे. जागा नसेल तर वेळ द्यायचा. पैसा नसेल तर आपली झोप द्यायची.

कोणी म्हणेल, रामजीबाबा स्वतः शिकलेले होते. आमचे आईवडील अंगठेबहाद्दर, त्यांनी काय करावे? याचे उत्तर मी माझ्या घरातले देतो. माझे वडील कॅम्पात रोजंदारीवर कामाला होते. त्यांना सही करता येत होती, वाचता येत नव्हते. संध्याकाळी हातपाय धुऊन ते ओट्यावर बसत आणि मला म्हणत, "काय लिवलंय पेपरात, वाच." मी वाचायचो. कोठे अडलो तर त्यांना कळत नसे, पण मी घाई केली तर बरोबर कळत असे. "पुन्यांदा वाच, मला समजलं नाही," असे म्हणत. मला समजले नसेल तर त्यांना समजणे शक्य नव्हते, म्हणून मला समजून वाचावे लागे. पुढे कॉमर्स कॉलेजात ताळेबंद शिकताना लक्षात आले की, माझा पहिला शिक्षक ओट्यावर बसलेला हा निरक्षर माणूस होता.

आज आपल्या अनेक घरांत शिक्षण आहे, नोकरी आहे, टीव्ही आहे, हातात मोबाईल आहेत. परंतु संध्याकाळी सात ते नऊ मुलाजवळ बसणारे माणूस किती घरांत आहे? ट्यूशनची फी भरली की आपले कर्तव्य संपले, अशी समजूत झाली आहे. दुसरीकडे, या मुलीच्या घरी टाळेबंदीच्या दोन वर्षांत एकच मोबाईल होता आणि तो वडिलांच्या खिशात असे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती तिसरीत होती. चौथी आणि बरीचशी पाचवी तिने मोबाईल घरी येईल तेव्हा, रात्री शिकून काढली. "पालक अभ्यास घेत नाहीत," असे म्हणणाऱ्या बाईंना हे ठाऊक नव्हते, आणि सांगायला घरचे कोणी शाळेत गेले नव्हते. चूक कोणाची म्हणावी?

आता सरकारी धोरणाकडे येऊ.

आपले भिंगार हे छावणीचे गाव. नगरचा किल्ला इंग्रजांनी १८०३ साली घेतला, पुढे येथे छावणी वसली आणि आजही रणगाडा दलाचे मोठे प्रशिक्षण केंद्र येथे आहे. छावणीचा आणि आपल्या समाजाच्या शिक्षणाचा संबंध जुना आहे. इंग्रजी फौजेत शिपायांच्या मुलांनी शिकलेच पाहिजे असा दंडक होता, म्हणून महार शिपायांच्या घरांत अक्षर शिरले. रामजीबाबा त्याच व्यवस्थेत शिकले आणि शिक्षक झाले. गावात जे दार बंद होते ते छावणीत एका नियमाने उघडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली, तेव्हा नोकरीबरोबर शाळाही गेली. एका सरकारी निर्णयाने पिढी शिकते आणि दुसऱ्या निर्णयाने अडाणी राहते, याचे यापेक्षा जवळचे उदाहरण कोणते द्यावे?

सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानाला लागू केला. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ साली तोच हुकूम काढला. १९११ साली नामदार गोखल्यांनी साऱ्या देशासाठी असे बिल मांडले, ते नामंजूर झाले. देशभर शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. बडोद्यापासून मोजले तर शंभराहून अधिक वर्षे गेली. तेवढ्या वर्षांत आपल्या किती पिढ्या गुरे राखण्यात गेल्या, याचा हिशेब कोणत्याच दफ्तरात नाही.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपल्या समाजात जे इंजिनिअर, प्राध्यापक, अधिकारी दिसतात त्यांतील बहुतेकांच्या फीच्या पावतीमागे ही योजना आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्धांच्या सवलतींचा प्रश्न आला. महाराष्ट्र राज्याने १९६० साली त्या चालू केल्या, पण केंद्राच्या सवलती मिळण्यासाठी १९९० साल उजाडावे लागले. मधल्या तीस वर्षांत केंद्राच्या कागदावर आपण कोणीच नव्हतो.

धोरण कागदावर चांगले असून कसे आटते, याचाही एक दाखला देतो. १९९२ साली महाराष्ट्र सरकारने पहिली ते चौथीच्या दुर्बल घटकांतील मुलींना शाळेत हजर राहिल्याबद्दल दिवसाला एक रुपया भत्ता सुरू केला. हेतू उत्तम होता. मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळत घरी बसू नये, म्हणून तो रुपया. परंतु पुढे तीन दशके तो एक रुपया एकच रुपया राहिला. दरम्यान वही कितीला झाली, हे वाचकांना सांगायला नको.

राखीव २५ टक्के जागांचेही तसेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला की, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागा देण्याची गरज नाही. पालक व कार्यकर्ते कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा बदल रद्द केला. कोर्टात कोणी गेलेच नसते तर ते दार तेव्हाच बंद झाले असते.

आणि अखेरीस कागद. अनुसूचित जातीचा दाखला काढायचा तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. त्यासाठी आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणा, असे सांगतात. वाचकहो, विचार करा. ज्यांना शाळेत बसू दिले नाही, त्यांच्या नातवंडांना शिक्षणाची सवलत हवी असेल तर त्यांनी आजोबांचा शाळेचा दाखला आणायचा! शाळेच्या रजिस्टरला कोठे 'बौद्ध' एवढेच लिहिलेले असते, जात लिहिलेली नसते, आणि मग कचेरीत पुन्हा हेलपाटे. रोजावर जाणारा माणूस दोन हेलपाटे घालतो, तिसऱ्याला कंटाळतो आणि म्हणतो, जाऊ द्या. सरकारच्या हिशेबी योजना चालूच असते, पण त्या घरापुरती ती तेथेच संपलेली असते.

आता माझ्या खऱ्या मुद्द्याकडे येतो. शाळा, घर आणि सरकार या तिघांनाही आपापले काम आहे आणि एकाचे काम दुसऱ्याला करता येत नाही. पण या तिघांच्या मध्ये जी जागा रिकामी राहते तेथे मूल पडते. तेथे एक चौथा माणूस लागतो.

जोतीराव लहान असताना त्यांच्या वडिलांनी, गोविंदरावांनी, त्यांना शाळेतून काढले होते. दुकानातल्या कारकुनाने गोविंदरावांचे कान भरले होते की, माळ्याच्या पोराला शिक्षण काय करायचे? जोतीराव मळ्यात कामाला लागले. दिवसाचे काम आटोपल्यावर ते दिव्याखाली पुस्तक घेऊन बसतात, हे शेजारच्या गफ्फार बेग मुन्शींनी आणि लिजिट साहेबांनी पाहिले. एक मुसलमान शिक्षक, एक इंग्रज गृहस्थ. त्यांचा ना जातीचा संबंध ना रक्ताचा. पण ते गोविंदरावांकडे गेले आणि त्यांची समजूत घातली. १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत बसले. तेव्हा त्यांचे वय होते १४ वर्षांचे. माझ्यापुढे उभ्या असलेल्या मुलीएवढे.

बाबासाहेबांच्या आयुष्यातही असा माणूस आहे. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा विद्यार्थी विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुस्कर यांनी हेरला. तो त्यांच्या शाळेचा नव्हता, त्यांच्या जातीचा नव्हता. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्कारसभेत केळुस्कर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च रामजीबाबांना झेपेना, तेव्हा सयाजीराव महाराजांपर्यंत शब्द पोचवला तो गुरुजींनीच. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. महाराजांचे धोरण उदार होतेच, रामजीबाबांचा निर्धारही होता. पण बडोद्याचा राजवाडा आणि परळची चाळ यांच्यामध्ये चालत जाणारा माणूस केळुस्कर होते.

गोविंदरावांच्या दुकानातला तो माणूस कारकून होता, हे मला नेहमी टोचते. एका कारकुनाच्या शब्दाने जोतीरावांची शाळा सुटली होती. आपल्या टेबलावरून निदान उलटे घडावे, एवढीच माझी धडपड.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगतो. प्रथम वडिलांना विहारात बोलावले. मी एकट्याने न सांगता, त्यांच्याच रिक्षा स्टँडवरचे एक वडीलधारे गृहस्थ, ज्यांची लेक आज नर्स आहे, त्यांना शेजारी बसवले. "पोरगी शिकली म्हनून माझं म्हातारपन निवांत हाये," एवढेच ते बोलले. माझ्या तासभराच्या भाषणापेक्षा ते एक वाक्य भारी ठरले. वडील म्हणाले, "शिकवतो, पण ३४ हजार कुठून आणू?" ते त्यांचे म्हणणे खरेच होते.

मग मार्ग शोधला. अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ असते. सेमी-इंग्रजीचा वर्ग असलेली शाळा निवडली, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतच राहील. अडचण होती ती मराठीची. आठ वर्षे सारे विषय इंग्रजीतून. इतिहासाचे उत्तर मराठीत लिहायला बसली की मुलगी रडकुंडीला येई. तिच्यातही एक गोष्ट दडलेली होती. इंग्रजी शाळेत गेली म्हणजे मुलगी आपोआप पुढे गेली, असे आपण मानतो, पण घरी इंग्रजी बोलणारे कोणी नाही आणि मराठी लिहिण्याचा सराव नाही, तेव्हा दोन्ही भाषा अर्ध्याच राहतात. आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांनी मे महिनाभर रोज सकाळी एक तास तिला बसवून मराठी लिहून घेतले. फी विचारली तर म्हणाल्या, "जूनमध्ये पहिल्या दिवशी गणवेशात येऊन दाखव, झाली फी."

दाखल्यासाठी आजोबांचे गाव गाठले, पाथर्डी तालुक्यात. आजोबा कधी शाळेत गेलेच नव्हते. पण तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागितली, तर १९४८ सालची त्यांच्या जन्माची नोंद जातीसह सापडली. ज्या कोतवालाच्या वहीत महाराच्या घरी पोर झाले एवढीच ओळ लिहिली गेली होती, ती ओळ नातीच्या उपयोगी पडली. तीन रजा आणि चार हेलपाटे लागले. दाखला मिळाला.

मुलगी आता नववीत नियमित जाते. पहिल्या चाचणीत मराठीत कमी गुण पडले, गणितात वर्गात दुसरी आली. पुढे काय होईल ते तिच्या कष्टावर आहे. पण आठवीला जी वाट बंद होत होती ती बंद झाली नाही.

वाचकहो, अशी मुले आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. तेव्हा चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

एक, ज्यांची मुले राखीव २५ टक्क्यांत शिकत आहेत त्यांनी आठवी संपण्याची वाट पाहू नये. सातवीतच पुढचा विचार करावा.

दोन, जातीचा दाखला मूल पाचवीत असतानाच काढून ठेवावा. आजोबांचा शाळेचा दाखला नसेल तर जन्म-मृत्यूच्या नोंदीची, कोतवाल बुकाची नक्कल मागावी. दहावी-बारावीच्या निकालानंतर धावपळ केली तर शिष्यवृत्तीची तारीख निघून जाते. आता अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. बँक खाते आधारला जोडलेले आहे की नाही, तेही आधी पाहावे.

तीन, सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि दुर्बल घटकांना प्रमाणात जागा मिळावी, असे कायद्यात आहे. त्या जागा सोडू नका. समितीत बसा आणि एकच प्रश्न विचारा: आमच्या मुलांना वाचता येते का? कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात श्रीमंत-गरीब सर्वांची मुले एकाच शेजारशाळेत शिकावीत असे म्हटले होते. ते झाले नाही. आपल्यातील शिकलेल्यांनीही मुले काढून नेली. मुले नेली तर नेली, पण आपली नजर तरी त्या शाळेवर ठेवा.

चार, आणि हे सर्वांत सोपे. शेजारच्या एका मुलाला आपले म्हणा. फार करू नका. आठवड्यातून एकदा त्याला जवळ बसवून एक पान मोठ्याने वाचायला लावा. त्याच्या घरी कोणता कागद अडला आहे ते विचारा. विहारात दिवा आहे, पंखा आहे, सतरंजी आहे. रोज संध्याकाळी दोन तास ते दार अभ्यासासाठी उघडे राहील एवढे पाहा.

परवा रविवारी ती मुलगी पुन्हा विहारात आली होती. या वेळी एकटी नव्हती. सोबत गल्लीतली सहावीतली एक मुलगी होती, हातात मराठीचे पुस्तक. मी विचारले, "काय काम काढलेस?" तर म्हणाली, "काही नाही काका, हिला वाचता येत नाही, म्हणून घेऊन आले. आम्ही तिकडं कोपऱ्यात बसतो."

मी माझे टेबल थोडे सरकवून त्यांना जागा करून दिली.

जयभीम.